हंड्यातलं गोडं पाणी

आमच्या घरातली समुद्राच्या माशांची टाकी माझ्या बाबांनी मारली, असं मी सात वर्षं सांगत आलो. विचारणाऱ्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. त्यातली पहिली तीन वर्षं बाबा जिवंत होते आणि मी हे त्यांच्यादेखत सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. आता त्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी ते अजून ऐकतायत असं मला घरात वावरताना वाटतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी मोटारीचा माणूस. करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. पण दुपारी जेवून पुढच्या खोलीत आडवा झालो की उंबऱ्याबाहेर कुणीतरी उभं आहे, हे माझ्या पाठीला कळतं. वळून बघायची हिंमत होत नाही.

या वर्षी होळी झाल्यावर एका सकाळी आई म्हणाली, "परत आन की रे ते तुजं मासं. घर लय गप वाटतं."

माझा घास हातातच राहिला. आई ऐंशीच्या घरात आहे. जन्मात तिने स्वतःसाठी बाजारातून साधी जिलबी मागितली नाही. आणि त्या टाकीपायी घरात काय काय झालं ते तर तिने डोळ्यांनी बघितलंय. मी म्हणालो, "म्हातारपणी खूळ लागलंय का तुला?" ती म्हणाली, "नाय तर नाय," आणि ताट उचलून मोरीत गेली. माझी बोलायची रीतच तशी आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

शहापूरच्या बाजारात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची, गिरणीची, कुठलीही मोटर जळाली की माझ्याकडे येते. मी ती उघडतो, जळकी तार काढतो, नवी भरतो, आणि मोटर जळेपर्यंत चालवल्याबद्दल मालकाला चार शब्द सुनावतो. लोक हसण्यावारी नेतात. माझ्या बायकोने नेलं नाही. ती धसईला माहेरी गेली ती तिकडेच राहिली, आणि तिची बाजू विचाराल तर ती बरोबरच होती. पण ते कळायलाही मला वेळ लागला.

टाकी माझ्याकडे आली तीही मोटारीमुळेच. मुरबाड रोडला एका मुंबईकराचं फार्महाऊस होतं. त्याची बोअरची मोटर काढायला गेलो, तर हॉलमध्ये भिंतीला लागून काचेची टाकी, वर निळा उजेड, आणि आत असलं काही, की मी पान्हा हातात धरून तसाच उभा. फुलं म्हणावीत तर ती तोंडं मिटत होती. दगड म्हणावेत तर दगडाच्या आतून कोण कोण डोकावत होतं. मालक म्हातारा होता, एकटा होता, आणि जागा विकून मुलाकडे निघाला होता. मी तासभर प्रश्न विचारले. तो म्हणाला, "न्या तुम्ही. इतकं विचारणारा माणूस सांभाळेल."

मी खरंच सांभाळली. चार वर्षं. आजूबाजूला भातखाचरं, समुद्र कितीतरी कोस लांब, आणि आमच्या पुढच्या खोलीत प्रवाळ वाढत होतं. लोकांना वाटायचं मीठ टाकलं की झालं. कप्पाळ! मीठ निराळं, ते मोजून कालवायचं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालायचं, तेही गाळलेलं. आणि पंप अष्टौप्रहर चालू. पाणी फिरत राहिलं तरच त्यात हवा मिसळते. फक्त मासे जेवताना पंप दहा मिनिटं बंद करायचा, नाहीतर दाणे थेट जाळीत ओढले जातात. हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

बाबा वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी खाचरात, आणि दुपारनंतर टाकीसमोर खुर्ची टाकून. टीव्ही मागे चालू असायचा, तिकडे त्यांची पाठ. नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते, त्यांना ते नवरा-नवरी म्हणायचे. "नवरी आज रुसलीय, बाहेर येत नाय," असं मला दुकानात फोन करून सांगायचे. मी म्हणायचो, "बाबा, गिऱ्हाईक आहे." ते म्हणायचे, "बरं बरं," आणि पाच मिनिटांनी परत फोन, "आली बरं का बाहेर."

आता हंड्याचं सांगतो. आमच्याकडे तांब्याचा एक हंडा आहे, आजीच्या लग्नातला. बाबा रोज पहाटे तो चिंचेने घासायचे, विहिरीचं पाणी भरायचे, आणि ते पाणी म्हणजे आमच्या घरातलं औषध. ताप आला, हंड्यातलं पाणी. गाय व्याली, तिला पहिलं हंड्यातलं पाणी. बहीण बाळंत होऊन आली, तिला उंबऱ्यावरच हंड्यातलं पाणी. माझ्या दहावीच्या परीक्षेला निघताना मीही ते वाटीभर प्यायलोय. पास झालो, ते बाबांच्या मते त्या पाण्याने. पण समुद्राच्या टाकीत तांबं म्हणजे विष. मासे एकवेळ तगतात, प्रवाळ आणि कोळंबी तगत नाहीत. हे मी बाबांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणजे, सांगितलं होतं असं मला वाटतं. मी त्या काळात बरंच काही सांगायचो, आणि सगळंच एका पट्टीत.

तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात एकदा संध्याकाळी विजा कडाडल्या. वीज कडाडली की घरातली सगळी बटणं बंद करायची, पिना ओढायच्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांनी टाकीचा अख्खा बोर्ड बंद केला. मी आलो तेव्हा पंप तासभर बंद होता. एक मासा मेला नाही, काही झालं नाही. पण घरात बहिणीच्या सासरचे पाहुणे बसलेले, आणि मी त्यांच्यासमोर बाबांना असं काही बोललो की पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. "या बोर्डाला पुन्हा बोट लावलं कुणी, तर टाकी उचलून अंगणात फोडीन!" दुसऱ्या दिवशी दुकानातून लाल रंग आणून बोर्डाखाली भिंतीवर लिहिलं, हात लावू नये. विजेच्या डीपीवर लिहितात तसं. त्यानंतर बाबा त्या भिंतीजवळून जायचे तेव्हा हात पाठीमागे बांधून जायचे. मला ते बघून बरं वाटायचं. आपलं म्हणणं ऐकलं गेलं, असं.

पुढच्या मे महिन्यात डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्याच्या पाणीयोजनेची मोटर जळाली. उन्हाळा, बायका दोन दोन डोंगर उतरून पाण्याला जात होत्या. मी बुधवारी संध्याकाळी घाईघाईत निघालो. मोटर काढणं, भरणं, परत सोडणं, दोन दिवस तिकडेच. फोनला रेंज नाही. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास घरी आलो. शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत आमच्याकडे लाइट नसतेच, तेवढं टाकी सोसायची. घरात शांतता होती, आणि वास होता.

टाकीतलं पाणी पांढुरकं झालं होतं, पेजेसारखं. प्रवाळ गळून पडलं होतं. कोळंबी लाल होऊन उलटी. नवरा-नवरी तळाला एकमेकांपासून लांब पडले होते. टाकीच्या कडेला बाबांचा तांब्याचा तांब्या ठेवलेला, ओला. बाजूला बाबा उभे.

"काय घातलंत?"

"हंड्यातलं दोन तांबे पानी. मासं वर तोंड काढीत होतं रे. मला वाटलं..."

पुढे मी त्यांना बोलू दिलं नाही. काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही, लाज वाटते. एवढंच लिहितो की शेवटी म्हणालो, "चार वर्षांचं माझं सगळं तुम्ही दोन तांब्यांत मारलंत. या खोलीत परत पाय ठेवू नका." पिना उपसून काढल्या, बादल्यांनी टाकी रिकामी केली, दगड गोणीत भरून मागच्या पडवीत फेकले, टाकी भावकीतल्या एकाला कोंबड्यांचं खाद्य ठेवायला देऊन टाकली. लाइट यायच्या आत सगळं संपवलं होतं.

रागाच्या भरात माणूस बोलतो, दोन दिवसांनी विसरतो. मीही विसरलो होतो. बाबा विसरले नाहीत. ते त्या खोलीत परत आले नाहीत. चहा ओट्यावर घ्यायचे. टीव्ही सुटला. मला काही सांगायचं असेल तर उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, अगदी चौकटीला लागून, आणि तिथून बोलायचे. पहिल्यांदा मला वाटलं हट्ट आहे. मग वाटलं, राहू दे, चूक तर त्यांचीच आहे. "या आत" हे दोन शब्द. बाजारात परक्या माणसाला दिवसातून वीसदा म्हणतो मी. तीन वर्षांत त्यांना एकदा म्हणालो नाही.

ते गेले तेव्हा भावकीने अंथरूण पुढच्या खोलीत घालायला सांगितलं, तीच खोली मोठी. त्या खोलीत बाबा तीन वर्षांनी आले ते चौघांच्या हातांवर. लोक मला सावरत होते, त्यांना वाटलं मी दुःखाने बसलोय. मी बसलो होतो कारण मला तेव्हाच कळलं होतं, की हे आता मला सुटणार नाही.

आणि नाही सुटलं. दुकानात ठीक असतो. घरी आलो, की त्या चौकटीकडे लक्ष जातं. कधी भरदुपारी चप्पल घासत आल्याचा आवाज. कधी कुणीतरी बोलण्याआधी घसा साफ करतं तसा. आई म्हणते, वारा असंल. वारा घसा साफ करत नाही. माझ्या मनाशी मी एकच हिशेब धरून ठेवला होता, की मी बोललो वाईट, पण बोललो ते खरं होतं. टाकी त्यांनीच मारली. तेवढ्या एका खांबाला धरून मी सात वर्षं उभा होतो.

आई मासे आण म्हणाली ते मी झटकून टाकलं, पण ते डोक्यातून जाईना. दोन आठवड्यांनी वाशिंदला गेलो. स्टेशनपलीकडे नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथे एक जण राहत्या घराच्या हॉलमध्येच समुद्राच्या टाक्या विकतो. तिशीचा, शांत बोलणारा माणूस. मी आत पाऊल टाकलं, आणि समोर तोच निळा उजेड, तोच खारट वास. सात वर्षांत माझं काहीच सुटलं नव्हतं. मोठ्यांदा म्हणालो, "काय काय आहे ते दाखवा लवकर, मला वेळ नाही."

त्याने दाखवलं. एक चार फुटांची, खाली वेगळा हौद असलेली. "ही घेऊ नका लगेच. पहिल्यांदा पाळणाऱ्यापेक्षा परत येणाराच मोठी टाकी घेऊन फसतो. त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं." मला राग आला, पण बोलणं खरं होतं. दुसरी दोन फुटांची, वरून उघडी, साधी. एक पंप, एक दिवा, एक बटण. "ही सोपी. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून सांभाळायची. तुम्ही नसलात तर कुणीतरी बघितलं पाहिजे." आणि तिसरी तीन फुटांची, वरून झाकलेली, खाली कपाटाला कुलूप. पाणी आपोआप भरलं जातं, दाणे आपोआप पडतात, सगळं मोबाइलवर. लाइट गेली तर बॅटरी. माणसाने हात लावायची गरजच नाही.

"हीच," मी म्हणालो. "कुणाचा हात लागता कामा नये."

"तुमच्याकडे मागे काही झालं होतं का?"

झालं. आयताच श्रोता मिळाला. सांगितलं मी सगळं, नेहमीसारखं रंगवून. हंडा, दोन तांबे, मेलेली कोळंबी. नेहमी लोक "अरेरे, म्हाताऱ्या माणसांना काय कळतं" म्हणतात. ह्याने विचारलं, "टाकी किती लिटरची होती?"

"दोनशे."

"दोनशे लिटरला दोन तांबे? त्याने नाही मरत हो. तांबं विषच आहे, पण एवढ्याशाने दोन दिवसांत सगळं साफ? छे." मी काही म्हणायच्या आत त्याने मोबाइलवर त्या कुलूपवाल्या टाकीचं एक बटण दाखवलं. "हे दाण्याचं बटण. दाबलं की पंप दहा मिनिटं थांबतो आणि आपणहून सुरू होतो. ह्याच्यासाठीच लोक ही घेतात. निम्म्या टाक्या अशाच जातात. दाणे घालताना पंप बंद करतात आणि चालू करायला विसरतात. उन्हाळ्यात तर दीड-दोन दिवस पुष्कळ झाले. मासे वर येऊन तोंड काढायला लागतात, पाणी पांढरं होतं..."

"मी मोटारवाला आहे," मी म्हणालो. "पंप चालू करायला मी विसरेन का?"

मी तांबं तपासायची बाटली मागून घेतली आणि निघालो. टाकी कुठली ते फोन करून सांगतो म्हणालो. हायवेवर आसनगावच्या आसपास आलो तेव्हा मला बुधवारची संध्याकाळ आठवायला लागली. पाड्यावरची जीप दारात हॉर्न मारत होती. मी दाण्याचा डबा हातात घेतला होता. दोन दिवस नसणार म्हणून थोडे जास्त दाणे घातले होते. मग जीपवाल्याला ओरडलो होतो, "आलो रे, मरतोस का!" मग काय केलं? आठवेना. कितीही ताणलं तरी डब्याच्या पुढचं काही येईना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

घरी येऊन हंडा चिंचेने घासला. पाणी भरून दिवसभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिंपात दोनशे लिटर पाणी मोजून घेतलं, तसंच मीठ कालवलं, हंड्यातलं दोन तांबे पाणी घातलं, आणि बाटलीतले थेंब टाकून बघितलं. रंग बदलला तर तांबं. रंग बदलला नाही. बाटली शिळी असेल म्हणून तांब्याच्या तारेचा तुकडा एका कपात भिजवून त्याचं पाणी तपासलं, तर लगेच रंग. बाटली चांगली होती. पडवीतल्या गोणीतून जुने दगड काढले, भिजवले, तपासले. काही नाही. मी आणखी दोन तांबे घातले, तरी काही नाही. एकदा तरी रंग येऊ दे, असं मी त्या पाण्याला अक्षरशः विनवत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवतो.

आई ओट्यावर बिरडं सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. सोलायला घेतलं. मला काय विचारायचंय ते तिला कळलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, मी डोळखांबला गेलो तेव्हा टाकीचा आवाज येत होता का?"

तिने हातातल्या वालाचं साल काढलं. मग म्हणाली, "नाय."

"कधीपासून?"

"तू गेलास तवाच बंद होता. तुज्या बाबांनी बघितलं, बटन वर होतं. मी बोलली, दाबा की खाली. ते बोलले, नको, त्यानं कायतरी बघूनच बंद केलं असंल. मोटारीतलं त्याला कळतं, आपल्याला नाय."

ती आपणहून पुढे बोलत गेली, वाल बघत बघत. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. बाबांनी मला फोन लावला, लागेना. दिवसभर लावत होते. आई परत म्हणाली, बटण दाबा. बाबा बोर्डापर्यंत गेले, भिंतीवरचं वाचलं, हात मागे घेतला. असं तीन-चार वेळा. शेवटी म्हणाले, त्यानं पाहुण्यांसमोर सांगितलंय, आणि वर लिहूनबी ठेवलंय. दुसरं काय करता येईल ते शोधलं, आणि त्यांना एकच माहीत होतं. हंड्यातलं पाणी दिलं.

"शुक्रवारी सकाळी बोलले, बघवत नाय गो. मी दाबतो, मारील तर मारू दे मला. आनि दाबलं बटन," आई म्हणाली. "पन लाइट गेलेली."

म्हणून मला ते कधी कळलं नाही. मी आलो तेव्हा बटण चालूच होतं. बाबांनी दाबलेलं.

मी रडलो हे सांगायला लाजत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, आईसमोर, हातात वालाची सालं. जरा वेळाने चिडलोही, सवयच ती. म्हणालो, "मग त्यांनी सांगितलं का नाही? तीन वर्षं! तीन वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"तू बोलू दिलंस त्यांना?" आई म्हणाली. "नंतर मी किती वेळा बोलली, सांगा त्याला. तर नाय. बोलले, त्याला कळलं आपल्याच हातानं मेले, तर तो परत कधी मासं आननार नाय. राग माज्यावर हाय तर असू दे. राग काय, आज ना उद्या उतरंल."

तीन वर्षं ते उंबऱ्याबाहेर उभे राहून तेच बघत होते, उतरलाय का.

"आनि जायच्या आधी मला बोलले, त्याला सांग, परत आन म्हनावं."

"मग तू सांगितलं का नाहीस? चार वर्षं झाली, आई. मला का नाही सांगितलंस?"

आईने सूप बाजूला ठेवलं. आता पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं.

"मला तुजी भीती वाटते रे."

मी म्हणालो, "आता?" मला म्हणायचं होतं, आता तरी नाही ना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो होतो, डोळे पुसत होतो, माझ्यात घाबरण्यासारखं काय राहिलं होतं?

"आता पन वाटते," आई म्हणाली. "मगाशी तू आवाज चढवलास ना, तवा पन वाटली." आणि ती सूप उचलून सावकाश आत गेली, भिंतीला धरून.

या घरात उंबऱ्याबाहेरच्या ज्या कुणाला मी भ्यायलो ते माझे बाबा. सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. आणि आई ज्याला भिते तो रोज तिच्यासमोर जेवायला बसतो.

उन्हं उतरल्यावर वाशिंदच्या माणसाला फोन लावला. दोन फुटांची, उघडी, ती पाठवा म्हणालो. कुलूप नको, मोबाइलवरचं काही नको.

तो घोटाळला. "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात... उघडीला घरातली माणसं हात घालतात. कुणी काही टाकतं, कुणी बटण दाबतं. एखादे वेळी सगळं मरेल."

"मरू दे," मी म्हणालो. आई दारात येऊन उभी होती, ऐकत होती. मी आवाज खाली आणला. "घालू दे हात."